जनानी मडगार्ड

बंडप्पाच्या सायकल दुकानासमोर रझाकारांची टोळी उतरली आणि उमरग्याचा बाजार बघता बघता बंद झाला. टोळीच्या जमादारानं एक काळं मडगार्ड बंडप्पाच्या पायाशी फेकलं. निजामाच्या हद्दीवरचा नाका काल कुणीतरी जाळला होता, शिपाई मेले होते आणि पळापळीत सायकलीचं हे मागचं मडगार्ड तिथंच निखळून पडलं होतं. ज्याची सायकल त्याला गोळी घालायची, एवढा हुकूम घेऊन जमादार आला होता.

"मर्दानी है या जनानी?" त्यानं विचारलं.

बंडप्पानं मडगार्ड उचलून फिरवून पाहिलं. मडगार्डाच्या दोन्ही कडांना बारीक भोकांची रांग होती. लुगडं चाकात जाऊ नये म्हणून जनानी सायकलीला त्या भोकांतून दोऱ्यांची जाळी ओवतात. जाळी कधीच तुटली होती, भोकं मात्र तशीच होती. आणि अख्ख्या उमरग्यात जनानी सायकल एकच, दवाखान्यातल्या नर्सबाई शिवगंगाची. शिवगंगा त्याची धाकटी बहीण, आईमागं लेकीसारखी वाढवलेली. हद्दीपलीकडच्या कँपातून निजामाशी लढणाऱ्या पोरांना ती काडतुसं पोचवते, हे त्याला माहीत होतं.

"मर्दानी," तो म्हणाला.

जमादार काही दुधखुळा नव्हता. दुकानात टांगलेली मडगार्डं त्यानं एकेक करून चाचपली, एकालाही भोक नव्हतं. मग त्यानं बंडप्पाच्या तोंडावर बंदुकीचा दस्ता हाणला. दात मातीत पडले. भोकं कशाची ते सांग, म्हणाला.

आता सांगण्यासारखं एकच उरलं होतं.

"भोकं म्याच पाडली, दोरीनं सामान बांधाया. गाडी माझीच हाय."

त्याची दांडीवाली सायकल भिंतीला टेकून उभी होती, बिनमडगार्डाची. गावाच्या गाड्या नटवणाऱ्या या गड्याला स्वतःच्या गाडीकडं बघायला कधी सवड झाली नव्हती. तो आळस आज कामाला आला. बसवून दाखव, असं जमादारानं फर्मावलं. रक्त गिळत बंडप्पानं नट आवळले. बाईचं मडगार्ड पुरुषाच्या चाकावर बेतून केल्यासारखं बसलं. आयुष्यात एवढं जीव लावून त्यानं कुठलं काम केलं नव्हतं.

मग त्यांनी त्याचे हात ऐरणीवर धरले आणि त्याच्याच हातोड्यानं ठेचले. सोबती कोण, ते त्यांना हवं होतं. तो गुरासारखा ओरडला, पण नाव काही निघालं नाही.

ते ओरडणं ऐकून शिवगंगा दवाखान्यातून धावत आली. मडगार्ड कुठं बसलंय ते पाहताच तिला सगळं कळलं. खरं काय ते सांगून टाकायला ती पुढं सरली. जमादार वळून तिच्याकडं बघू लागला.

बंडप्पानं मान वर केली. जिला जन्मभर 'शिवे' म्हणून हाक मारली, तिला तो म्हणाला, "बाई, माघारी जावा. हितं जनानी काम घेत न्हाईत."

मरायला टेकलेला माणूस गिऱ्हाईक हाकलतोय, याची जमादाराला मोठी गंमत वाटली. तो खो खो हसला. शिवगंगानं पदर दातांत धरला आणि ती मागं फिरली. ती वळणाआड गेली तेव्हा कुठं बंडप्पानं डोळे मिटले. गोळी त्याला नंतर लागली.