ती रोज वजन करायला का यायची

मित्रांनो, औषधांच्या दुकानात शिरताना उजव्या हाताला जो जुना वजनकाटा दिसतो ना, तो मी. कारखान्यातून ट्रकमध्ये आदळत-आपटत इथे आलो, पण माझा आकडा कधी चुकला नाही. नवा होतो तेव्हा मला रोज पुसायचे. आता माझ्यावर ओल्या छत्र्या टांगतात. असो!

माझ्यावर चढणारे सगळेच वजनासाठी येत नाहीत. काउंटरवर गर्दी असली आणि मागायची वस्तू लाजेची असली, की लोक उगाच माझ्यावर उभे राहतात. मला सगळं कळतं बरं!

अशीच एक मुलगी रोज यायला लागली. पंचविशीची, शिंप्याच्या दुकानात कापड कापणारी. "वाढलं का?" असं पुटपुटत आकडा बघायची. वाढतंय कुठलं? उलट घटत होतं. एके दिवशी "मेला बिघडलाय!" म्हणून तिने मला चक्क लाथ मारली. असा राग आला म्हणून सांगू!

औषधवाल्या मावशींनी ते पाहिलं. दुकान रिकामं होताच त्या काउंटरमागून बाहेर आल्या. "काय गं, जेवत नाहीस का?"

मुलीला रडूच फुटलं. "मावशी, मला दिवस गेलेत बहुतेक. पाळी लांबलीय. लग्न ठरलंय, पण व्हायचंय अजून. परगावी मोठ्या कारखान्यात नोकरी लागलीय, ती आज नको म्हणून कळवतेय. पोट दिसल्यावर कोण ठेवील मला?"

"संबंध आला होता?"

"तसा नाही. नुसतं जवळ... कपडे अंगावरच होते. दोघांचेही."

"अगं वेडे! कपड्यांतून दिवस जात नाहीत. वीर्य योनीत जावं लागतं. उघड्या अंगाने अगदी योनीच्या तोंडाशी सांडलं, तर थोडी शक्यता असते, तेवढं पुढे ध्यानात ठेव. पाळी काळजीनेही लांबते, उपाशी राहूनही लांबते. खात्रीसाठी ही तपासणीची पट्टी घे. तरीही पाळी आली नाही तर डॉक्टरांकडे जा. पण नोकरी सोडलीस तर माझ्याशी गाठ आहे!"

मुलगी रडता रडता हसली. "विचारायची लाज वाटत होती हो."

"तुझ्या होणाऱ्या नवऱ्यालाही सांग. तोही बसला असेल कुठेतरी घाबरून."

पट्टी पर्समध्ये टाकून तिने तिथूनच त्या कारखान्यात फोन लावला. "मी सोमवारी कामावर येतेय," असं ठणकावून सांगितलं. त्या आवाजाने मी लाथसुद्धा विसरलो.

मित्रांनो, मला पुसा, जपा, माझा आकडा खरा असतो. पण एवढी गुणी पोर सुकत चालली होती, आणि मी तिला नुसते आकडे दाखवत होतो. काय करणार, मला तोंड नाही. तुम्हाला आहे. विचारा.