एकतीस प्रश्न

लाली डाव्या गालावर सुरू होते. आधी नाण्याएवढी, मग कानाच्या पाळीपर्यंत, मग मानेवर. एकदा मी प्रयोगशाळेतला तापमापक गालाला लावून पाहिला. तीन मिनिटांत एक पूर्णांक तीन दशांश अंशांची वाढ, सातव्या मिनिटाला सगळं पूर्ववत. त्यानंतर थोड्या वेळात पोटात कळ येते आणि हातातलं काम टाकून उठावं लागतं.

मी पाण्याचे नमुने तपासते. माझ्या टेबलापासून बाथरूमचं दार एकोणीस पावलांवर आहे. शेजारच्या टेबलावरचा सहकारी पूर्वी विचारायचा, "कोणाचा फोन होता गं, एवढी लाजलीस ती?" आजार कळल्यापासून बिचारा काहीच विचारत नाही, आणि तेच जास्त लागतं.

आजाराचं नाव लांबलचक आहे. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात एक गाठ, संप्रेरकं सोडणारी, सावकाश वाढणारी. यकृतावर एक ठिपका. कर्करोगच, पण लाखात एखाद्याला होणारा. नातेवाईक आधी "अगं बाई!" म्हणतात आणि मग ओळखीतल्या कोणाच्या तरी स्तनाच्या कर्करोगाची गोष्ट सांगतात. मी ऐकून घेते. माझ्या आजाराची गोष्ट कोणाकडेच नसते.

दर अठ्ठावीस दिवसांनी इंजेक्शन असतं. सर्जन म्हणाले होते, "गाठ आतड्याला स्वतःकडे ओढून घेतेय. उद्या आतडं अडकलं तर घाईत कापावं लागेल. आत्ता निवांत कापू." त्यांनी तारीख दिली. आणखी एक रक्ताचा रिपोर्ट येऊ दे, असं सांगून मी ती पुढे ढकलली. मग दुसरी. मग तिसरी.

घरी मात्र सांगितलं, "हॉस्पिटलनेच तारीख बदलली." तिन्ही वेळा.

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. अडकलेल्या माणसाला बाहेर काढायला तो जेवणावरून उठून जातो. तिसऱ्या तारखेनंतर त्याचं डोकंच फिरलं. "लिफ्टमध्ये माणूस अडकलाय म्हटल्यावर मी काय सांगतो का, पुढच्या महिन्यात बघू?" त्याने तक्रारीचं पत्र लिहायला घेतलं. शनिवारी सकाळी स्वतः जाऊन हॉस्पिटलच्या प्रमुखाच्या हातात देणार होता. चौथी तारीख सतरा होती. शुक्रवारी पाचपर्यंत मी होकार कळवला नाही तर ती दुसऱ्या कोणाला मिळणार होती. म्हणजे शुक्रवारी माझी तारीख जाणार होती आणि शनिवारी माझं खोटं उघडं पडणार होतं. त्या आठवड्यात मी एका जागी दहा मिनिटं बसले नाही. पिपेट धुवायची, तीच परत धुवायची.

इंजेक्शन देणाऱ्या सिस्टरने एक नंबर दिला. "तुझ्यासारखी आणखी एकच आहे माझ्याकडे. तिचं ऑपरेशन झालंय. तिला विचारूनच देतेय."

मी त्या बाईंना मेसेज केला, शुक्रवारी दुपारी वाचनालयात भेटू या का? उत्तर आलं, "तिथलं बाथरूम कसं आहे?" मला हसूच आलं. मीही तेच विचारणार होते.

प्रश्न मी कागदावर काढले होते, क्रमांक घालून. एकूण एकतीस. बाथरूम पाहून ठेवावं म्हणून चाळीस मिनिटं आधी पोचले. दाराला कुलूप. बाहेर साठीच्या आसपासची एक बाई, हातात गाडीची किल्ली, चेहऱ्यावर वैताग.

"चावी काउंटरवर असते आणि काउंटरवाला चहाला गेलाय," ती म्हणाली. "मी पंचेचाळीस मिनिटं आधी आले. तू?"

"चाळीस."

"मग तूच ती. चल, इथे थांबण्यात अर्थ नाही. मला तीन पेट्रोल पंप माहितीयेत, त्यातल्या एकाचं बाथरूम तर घरच्यापेक्षा लख्ख."

ती गाडी चालवायला शिकवायची. सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. तिच्या गाडीला दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक तिच्या.

"लायसन्स आहे ना? बस मग तिकडे."

"मी हल्ली चालवत नाही. मध्येच कळ आली तर?"

"मला काय येत नाही कळ? बस."

मी बसले. स्टीअरिंग धरलं. ती बोलतच होती. "माझ्याकडे शिकलेली माणसं पंपात वळायला एकदम पक्की. पण सरळ रस्त्यावर नेलं की घाबरतात. मी नेलेलंच नसतं ना कधी."

पहिल्या सिग्नलला थांबलो तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या उजव्या गालावर लाल ठिपका उमटला होता. पाहता पाहता तो जबड्यावर उतरला, गळ्यापर्यंत गेला. दुसऱ्या कोणाच्या चेहऱ्यावर ही लाली मी कधीच पाहिली नव्हती. माझं लक्ष आपोआप घड्याळाकडे गेलं.

"मोजतेयस होय? मोज, मोज. हिरवा झालाय, मोजता मोजता गाडी पण काढ."

मी गाडी काढली, आणि मग डोक्यात प्रकाश पडला. ऑपरेशन झालेल्या बाईला लाली यायला नको होती.

"तुमचं... काढलं होतं ना सगळं?"

"परत आलाय. यकृतात, दोन ठिकाणी. कळून चार महिने झाले."

मी जोरात ब्रेक दाबला. मागून हॉर्न वाजले. तिने शांतपणे मला डावीकडे पंपात वळायला लावलं, हवा भरायच्या मशीनच्या पलीकडे गाडी उभी करायला सांगितली आणि आत जाऊन आली. मीही जाऊन आले. परत बसल्यावर कागद उघडायची माझी इच्छा राहिली नव्हती. एकतिसावा प्रश्न होता, 'पूर्ण बरं वाटायला किती दिवस लागले?'

"मग उपयोग काय झाला?" मी विचारलं. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा चढला.

तिला राग आला नाही. "मला निवांत कापायची तारीख मिळाली होती. मी दीड वर्ष टाळली. आज गुडघा दुखतोय, उद्या भाचीचं लग्न आहे. मग एक दिवस शिकवताना आतडं अडकलं. शेजारी बँकेतले एक रिटायर गृहस्थ, तिसराच धडा त्यांचा. त्यांनी मला दुसऱ्या गियरमध्ये हॉस्पिटलात नेलं. अख्खा रस्ता दुसऱ्या गियरमध्ये! वर मला विचारतायत, 'मॅडम, तिसरा टाकू का?'"

मी हसले आणि हसता हसता डोळे भरून आले.

"घाईत कापलं. हाताला लागलं तेवढं काढलं. वेळेवर गेले असते तर ते दोन ठिपके आले नसते? कोणाला ठाऊक. डॉक्टरही सांगत नाहीत. पण तीन वर्षं पोटभर जेवले, गाडी चालवली. जीवनसत्त्वाचं इंजेक्शन घ्यावं लागतं, तेलकट खाल्लं तर पळावं लागतं. बस." तिने माझ्याकडे वळून पाहिलं. "तू कशाला थांबलीयेस?"

"एक रिपोर्ट यायचाय."

"त्यात काय आलं म्हणजे हो म्हणशील?"

पाणी तपासायला घेण्याआधी मर्यादा लिहिलेली असते, इतक्याच्या वर आकडा गेला की पाणी पिण्यालायक नाही. मर्यादाच नसेल तर तपासणीला अर्थ नाही, हे मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी सांगते. स्वतःचे तीन रिपोर्ट मागवले, तिन्हींचे आकडे मला पाठ होते, आणि मर्यादा मी एकदाही लिहिली नव्हती. कुठलाही आकडा आला असता तरी मी आणखी एक रिपोर्ट मागवला असता.

"काहीही आलं तरी हो नसते म्हणाले," मी म्हणाले.

"हं," ती म्हणाली आणि खिडकीची काच खाली केली.

चार वाजून वीस मिनिटांनी नवऱ्याचा फोन आला. मागे कुठेतरी लिफ्टची साखळी खडखडत होती.

"अगं, पत्र झालंय. 'निष्काळजीपणा' लिहू की 'हलगर्जीपणा'? जास्त झोंबेल कुठलं?"

"ऐक ना."

"मी तर म्हणतो दोन्ही लिहू. तीन-तीन वेळा माणसाला..."

"अरे, ऐक. ते पत्र देऊ नकोस. तारखा त्यांनी नाही बदलल्या. मी बदलल्या, तिन्ही. तुझ्याशी खोटं बोलले."

साखळीचा आवाज थांबला. मास्तरीणबाई दार उघडून बाहेर उतरायला लागली, मी तिचा हात धरून ठेवला.

"का?" शेवटी त्याने विचारलं.

"घाबरले होते. अजूनही घाबरलेय. पण पाचच्या आत मी त्यांना फोन करतेय." मी कागदाची घडी घातली. "सतरा तारखेला मी ऑपरेशन करून घेणार आहे."