जमुनेच्या हातची बोहनी

भगवंतरावांनी दुकानाची पहिली फळी काढून भिंतीला टेकवली, दुसरीला हात घातला आणि तसेच उभे राहिले. गाडीवान नत्थुजी सांगायचं ते खालच्या आवाजात सांगून मोकळा झाला होता. आता डोक्याचा शेला सोडून त्यानंच तोंड पुसत होता.

“कवा झालं?” भगवंतरावांनी विचारलं.

“परवा. धारणीच्या अलीकडं. लाकडं भरून निघालो तवाच सहदेवच्या आंगात ताप होता. मी म्हटलं उतरन, घर पाहिलं का उतरन.” नत्थुजीनं मान हलवली. “तिथंच अग्नी दिला. एवढ्या वाटेनं कसा आणू त्याले? त्याची गाडी तिथंच ठेवली पाटलाकडं.”

“त्याच्या बापाले, केशवरावले सांगितलं?”

“आत्ताच त्याच्याकडून येऊन राहिलो. बुढा म्हणते, सुनेले एवढ्यात कळू देऊ नका. सातवा हाय तिले. तिच्या मायले आणाले मोर्शीले माणूस धाडला. माय जवळ आली म्हणजे मंग सांगू.” तो जायला निघाला आणि पुन्हा वळला. “दिवस बुडेपावतर सांभाळा. सकाळी पहिले ती तुमच्याकडंच येते, मनून सांगितलं.”

नत्थुजी गेला. भगवंतरावांनी दुसरी फळी काढली नाही. दुकान आज उघडूच नये, असं त्यांना फार वाटलं. पण तीस वर्षांत ज्या माणसानं स्वतःच्या आईच्या दिवसांतही मागच्या दारानं मीठ-मिरची विकली, त्याचं दुकान बाजाराच्या दिवशी बंद दिसलं तर वेशीपर्यंत बोभाटा व्हायचा. ‘चमडी जाईल पण दमडी जाणार नाही’ ही म्हण अमरावतीच्या त्या टोकाला भगवंतरावांवरूनच निघाली असावी, असं लोक हसून म्हणत. त्यांनी उरलेल्या फळ्या काढल्या, गादी झटकली, तराजू पुसला.

आणि मग त्यांना बोहनी आठवली.

दिवसाची पहिली विक्री कुणाच्या हातची, यावर सगळा दिवस उभा असतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. वस्तीतल्या विधवा बायांना ती ठाऊक होती. सकाळी लवकर आल्या तर त्या समोरच्या निंबाखाली थांबत, दुसऱ्या कुणाचा सौदा झाला की मगच पुढं येत. थांबा असं त्यांना कुणी म्हणत नव्हतं. रीत इतकी जुनी होती की सांगायची गरजच पडत नव्हती.

सहदेव माळ्याच्या या बायकोचा, जमुनेचा हात मात्र भलताच शकुनाचा होता. ती लग्न होऊन या वस्तीत आली त्या साली भगवंतरावांनी दुकानावर गवताच्या जागी कवेलूंचं छप्पर घातलं. तेव्हापासून ती येईपर्यंत ते कुणाला काही द्यायला जरा काचकूच करत. पोरीचा हात लागला का दिवस धावते, असं ते चारचौघांत बोलत.

सहदेव गेल्याचं ऐकून अजून अंगावरचा काटा गेला नव्हता, आणि मनात विचार आला तो बोहनीचा. भगवंतरावांना स्वतःची शरम वाटली. पण शरम वाटली म्हणून विचार काही जाईना.

रस्त्यानं खुशालराव दातणाची काडी चावत चालले होते.

“खुशालराव! तमाखू पायजे काय? ताजी हाय.”

खुशालराव थांबले. भगवंतरावांनी गिऱ्हाइकाला हाक मारलेली त्यांनी जन्मात ऐकली नव्हती.

“फुकट देऊन राहिले काय?”

“फुकट काहून? एक पैशाची न्या.”

“मंग राहू द्या बापा. घरी हाय.” हसत हसत ते पुढं गेले.

आतल्या दारातून पार्बताबाई सगळं पाहत होत्या. नवऱ्याला त्या चांगल्या ओळखून होत्या.

“घ्या ना तिच्या हातची,” त्या म्हणाल्या. “तिच्या कपाळावर कुंकू हाय अजून. जोवर कुंकू हाय तोवर सवाशीण. तिले मालूम नाही, तं देव तरी दोष कसा धरन?”

“पण मले मालूम हाय ना.”

“तुमाले मालूम हाय मनूनच सांगतो. आज जर का तिले बाजूले थांबवलं, तं ती काय समजन?”

हे खरं होतं. भगवंतराव गादीवर बसले. आज जमुनेकडून बोहनी घ्यायची, रोजच्यासारखी घ्यायची, पैसा डोळ्यांना लावून गल्ल्यात टाकायचा. दिवस गेला खड्ड्यात. निश्चय झाल्यावर त्यांना जरा बरं वाटलं, थोडा अभिमानसुद्धा वाटला. आपण एवढे वाईट नाही, असं वाटायला माणसाला फार लागत नाही.

जमुना आली ती कमरेवर हात ठेवून, सावकाश. कपाळावर ठसठशीत कुंकू, केस चोपून बसवलेले.

“नत्थुजीची गाडी दिसली, काकाजी,” ती आल्या आल्या म्हणाली. “वाटेनं त्याचे बैल सोडेल होते. आमची गाडी मांगं असन. आमचा एक बैल चालतच नाही ना.”

“असन,” भगवंतराव म्हणाले.

“दुपारपावतर यायले पायजे, नाही?”

“यायले पायजे.”

ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि गुळाच्या भेलीकडं बोट केलं. “पावशेर गूळ द्या. काय भाव?”

“तीन पैसे.”

“तीन!” जमुनेचा चेहरा उजळला. रोजची मजा सुरू झाली होती. “हा काय गूळ हाय? काळा झाला सारा. माशीबी बसत नाही यावर. दोन पैसे देतो.”

यानंतर काय व्हायचं ते वस्तीला पाठ होतं. भगवंतराव म्हणत, माशी बसत नाही तं तू काहून बसून राहिली? ती म्हणे, बाजारात याहून चांगला भेटते. ते म्हणत, मंग जा बाजारात. ती पदर सावरून निघे, ते तिला रस्त्यापर्यंत जाऊ देत, आणि मग कुणीतरी एकजण हार मानी. बहुतेक वेळा तीच. निंबाखाली थांबलेल्या बायासुद्धा ते ऐकून हसत.

“बरं,” भगवंतराव म्हणाले. “दोन दे.”

जमुना पुढचं वाक्य तोंडात घेऊनच उभी होती. ते तिथंच राहिलं.

“तब्येत बरी नाही काय, काकाजी?” तिनं हसत विचारलं.

“बरी हाय. काहून?”

“नाही, म्हटलं.”

त्यांनी गूळ फोडला आणि पारड्यात टाकला. पारडं खाली गेलं, वजनाचं पारडं वर आलं. एरवी भगवंतराव दोन्ही पारडी सारखी होईपर्यंत नखानं गूळ कोरत. आज त्यांनी काही काढलं नाही. उलट खाली पडलेला एक खडा उचलून वर ठेवला. पळसाच्या पानात गूळ बांधताना त्यांची गाठ दोनदा सुटली.

जमुना त्यांच्या हातांकडं पाहत होती. तिनं कमरेच्या गाठीतून दोन पैशांचा ढब्बू काढून पुढं केला. भगवंतरावांनी तो घेतला, दोन्ही डोळ्यांना लावला, गल्ल्यात टाकला. एकही चूक झाली नाही. त्यांनी श्वास सोडला.

गूळ हातावर तोलत ती म्हणाली, “हा तं पावशेराच्या वर हाय.”

“असू दे. खाय.”

“तुमी असं कवा दिलं, काकाजी? माह्या ओटीभरणाले तुमच्या घरून खोबरं आलं, तेबी मोजून आलं होतं.” ती अजूनही हसत होती, पण हसू तिथंच थिजल्यासारखं झालं होतं. “आज आमचे सासरेबी भाजीची टोपली घेऊन गेले नाही. बाजार असून बुढा आंगणात बसेल हाय. मी पाणी दिलं, तं माह्याकडं पाहेना.”

भगवंतरावांनी तराजूची दोरी सारखी केली.

“नत्थुजी इथं आलते काय?”

त्यांनी वजनं एकावर एक रचली. नाही म्हणणं किती सोपं होतं, हे त्यांना नंतर कळलं. आतून पार्बताबाईंच्या बांगड्या वाजल्या आणि एकदम थांबल्या.

“आमची गाडी कुठं हाय, काकाजी?”

“पोरी, घरी जाय. तुही माय येऊन राहिली मोर्शीहून.”

जमुना त्यांच्याकडं पाहत राहिली. आईला बोलावण्याचं दुसरं कारण तिला शोधायचं होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. बाळंतपणाला अजून दोन महिने होते. हळूहळू तिनं शोधणं सोडलं. ती रडली नाही. एक हात पोटावर गेला आणि तिथंच राहिला. गूळ तिनं ओट्यावर ठेवला, हलकेच, फुटेल की काय अशा बेतानं.

मग ती पुढं वाकली. गल्ला उघडा होता आणि त्यात तिचा एकच ढब्बू पडला होता. तिनं तो उचलला.

“हा ठेवू नका,” ती म्हणाली. आवाज इतका साधा होता की भगवंतरावांना क्षणभर अर्थ लागला नाही. “मले माहीत नव्हतं, काकाजी. तुमचा दिवस खराब होईन.”

राहू दे, हे दोन शब्द भगवंतरावांच्या गळ्यापर्यंत आले. नुसता हात गल्ल्यावर ठेवला असता तरी चाललं असतं. एवढा वजनाबाहेर गूळ दिला होता, तसं हे एक आणखी देणं. पण त्यांचा हात मांडीवरून हलला नाही. आणि खरं सांगायचं तर, गल्ला रिकामा झाला तेव्हा त्यांच्या छातीवरून काहीतरी उतरलं. ते उतरलेलं त्यांना कळलं, आणि जमुनेकडं पाहायची त्यांची छाती झाली नाही.

पार्बताबाई अनवाणीच बाहेर धावल्या. जमुना रस्त्याला लागली होती, मूठ आवळून. त्यांनी तिला गाठलं, दंडाला धरलं, आणि तिच्या घशातून पहिल्यांदा आवाज निघाला. आजूबाजूची दारं उघडू लागली.

भगवंतराव गादीवरच बसून होते. उठून जायला हवं, आपण सहदेवच्या घरी जायला हवं, असं त्यांना वाटत होतं. तो आवाज केशवरावांच्या वाडीकडं जात जात लहान झाला. मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण मघापासून त्या बाजूला पाहतच नाही आहोत. आपण दुसऱ्या बाजूला, वेशीच्या रस्त्याकडं पाहतो आहोत, कुणी गिऱ्हाईक येतं का म्हणून.