नकाशातलं मागचं दार

मित्र त्याला ‘नकाशे’ म्हणत. नवख्या माणसाला ते आडनावच वाटे आणि तोही ते दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नसे. दिवसा तो इमारतींमध्ये आगीच्या धोक्याची घंटा आणि धूर ओळखणारी यंत्रं बसवायचा. रविवारी दुपारी मेहुणा, शेजारचा औषधविक्रेता आणि स्वतःची लेक यांना टेबलाभोवती बसवून फाशांचा गोष्टीखेळ खेळवायचा. तो जग मांडणार, बाकीचे कुणी चोर, कुणी मांत्रिक होऊन त्यात शिरणार आणि दार उघडलं तर मागून काय निघतं ते फासे ठरवणार. नव्या, चकचकीत खेळांचं त्याला वावडं होतं. त्याला जुन्या वळणाचा खेळ हवा असे, ज्यात पात्र पटकन मरतं, नकाशा हाताने काढावा लागतो आणि नियम कमी पडले तर घरीच रचावे लागतात. असे त्याने इतके नियम रचले होते, की एकदा बायको म्हणाली, आता ऐकायला आम्ही पुरत नाही, जगाला सांग.

लेकीने ते मनावर घेतलं आणि त्याला ब्लॉग काढून दिला. कोपऱ्यात कंपनीच्या शर्टातला त्याचा फोटो, खाली शहराचं नाव. पहिला लेख भुयारात मशाल किती वेळ पुरते यावर होता. तो मेहुण्याने वाचला, तोही दोनदा आठवण केल्यावर. दुसऱ्या लेखाची तीच गत झाली. नकाशे जेवताना मधूनमधून फोन उघडून बघायचा आणि पालथा ठेवायचा.

तिसऱ्या लेखात त्याने एक अख्खा किल्ला मांडला. मनाने रचलेली घरं सगळी सरळसोट निघतात, वेडीवाकडी असतात ती खरी घरं, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणून कामावर पाहिलेल्या इमारती तो डोक्यात साठवून ठेवी. हा किल्ला म्हणजे नुकतंच काम केलेलं एक जुनं घर होतं. त्यात एक बुजवलेला दरवाजा होता, अर्ध्यातच संपणारा एक जिना होता आणि मागे गोल लोखंडी जिना. नवऱ्याच्या मारापासून पळून आलेल्या बायका तिथे मुलांना घेऊन राहत. ते चालवणाऱ्या ताईंनी पत्ता घरीसुद्धा सांगायचा नाही असं बजावलं होतं आणि त्याने तो सांगितलाही नव्हता. त्याने फक्त एवढं लिहिलं, की या किल्ल्यात पळून आलेली माणसं लपतात, सगळ्या चाव्या एका बाईच्या कमरेला असतात आणि गच्चीवरून पाण्याची टाकी अन् घड्याळाचा मनोरा एका रेषेत दिसतात.

आठवड्याभराने पहिली अनोळखी प्रतिक्रिया आली. किल्ला फार आवडला, वरच्या मजल्याच्या खिडक्या रस्त्याकडे उघडतात का, असं कुणीतरी विचारलं होतं. नकाशेला आभाळ ठेंगणं झालं. नाही, अंगणाकडे उघडतात, असं त्याने सविस्तर कळवलं. दुसऱ्या दिवशी प्रश्न आला, की मागच्या जिन्याचं दार कितपत मजबूत आहे. कडी सैल आहे, चोराच्या पात्राला एका फाशात उघडेल, असं त्याने हसऱ्या चेहऱ्याचं चिन्ह टाकून लिहिलं. त्याने ते घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. बायकोने चहा टाकला.

तिसरा प्रश्न तो एका शाळेत शिडीवर उभा असताना आला. ‘मुलं कुठल्या खोलीत झोपतात?’

त्याने तो पुन्हा वाचला. किल्ल्यात मुलं नव्हती. लेखभर कुठेही मुलांचा शब्द नव्हता. हातातला पेचकस खाली पडला आणि खालचा शिपाई वैतागून वर बघू लागला. नकाशे कसाबसा उतरला. लेकीला फोन करून तो लेख काढायला सांगितला. तिने काढला, पण ज्याला हवा होता त्याने तो कधीच उतरवून घेतला असेल, असंही ती हळूच म्हणाली.

ताईंना फोनवर सांगायचा धीर झाला नाही. तो गाडी काढून थेट त्या घरी गेला, तीन गल्ल्या आधी उतरला आणि दर वळणावर मागे बघत चालत पोचला. त्याने सगळं सांगून टाकलं. ताई ओरडल्या नाहीत. त्यांनी दोन्ही उत्तरं त्याच्याकडून शब्दशः म्हणवून घेतली, पोलिसांना फोन केला आणि वर गेल्या. थोड्या वेळाने वर धावपळ सुरू झाली. कपाटं उघडल्याचे आवाज आले, एक मूल रडायला लागलं आणि लगेच कुणीतरी त्याचं तोंड दाबल्यासारखं गप्प झालं. बायका-मुलं धुलाईचे कपडे नेणाऱ्या बंद गाडीतून निघाली. त्यातली एक, दोन्ही हातांना दोन पोरं धरलेली, जाताना नकाशेकडे बघून थबकली. ताईंनी वर ते प्रश्न सांगितल्यावर, त्यांमागे आपलाच नवरा आहे हे तिला वेगळं कुणी सांगावं लागलं नव्हतं. नकाशेने मान खाली घातली.

पोलीस येईपर्यंत मागच्या दाराला निदान अडसर लावू, असं तो ताईंना म्हणाला. संध्याकाळ झाली होती. शेवटचा स्क्रू पिळत असताना बाहेरचा लोखंडी जिना वाजला. मग थांबला. मग पुन्हा वाजला, जवळून. ताईंनी दिवा मालवला. नकाशेला स्वतःचा श्वास एवढा मोठा ऐकू यायला लागला, की त्याने तोंडावर हात धरला.

मूठ फिरली.

“मुलांना न्यायला आलोय,” बाहेरचा माणूस म्हणाला. दुकानात सुटे पैसे मागावेत इतका त्याचा आवाज मऊ होता. “उघडा ना.”

नकाशेने दाराला पाठ लावली. पहिला धक्का त्याच्या मणक्यात बसला. दुसऱ्याने अडसर करकरला. तिसरा धक्का आलाच नाही, कारण पुढच्या बाजूला गाडीचं दार आपटल्याचा आवाज झाला. पावलं जिन्यावरून धडधडत उतरली आणि गल्लीत आरडाओरडा झाला. पोलिसांनी त्याला कोपऱ्यावर धरलं. चौकशीत कळलं, की तोही असले खेळ खेळणारा होता. बायको याच शहरात आहे एवढं त्याला ठाऊक होतं आणि नवे ब्लॉग चाळताना हा किल्ला त्याच्या हाती लागला होता. टाकी आणि मनोरा जोडून त्याने गल्ली शोधून काढली.

नकाशे मात्र दाराशीच बसून होता. शेवटी तो म्हणाला, नवी जागा मिळाली की तिथलं सगळं काम मी फुकट करून देतो.

“नको,” ताई म्हणाल्या. “ती जागा तुम्हाला माहीतच नको.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता आणि त्याला तेच जास्त लागलं.

मालकाला त्याने स्वतःच सगळं सांगितलं. मालकाने त्याला घरोघरच्या कामावरून काढून गोदामात बसवलं. त्याने वाद घातला नाही. ब्लॉग लेकीने बंद केला. पुढच्या रविवारी मेहुणा आणि औषधविक्रेता नेहमीसारखे आले आणि काही न विचारता खुर्च्या ओढून बसले. नकाशेने आजचा खेळ उघड्या माळरानावर आहे असं जाहीर केलं. कुणी कुरकुर केली नाही. अर्धा खेळ झाला तेव्हा दाराची बेल वाजली आणि तो जागच्या जागी दचकला. लेकीने त्याच्या मनगटावर हात ठेवला, तो तसाच ठेवून दारातल्या भोकातून बाहेर कोण आहे ते बघायला आईला सांगितलं, आणि बाकीचे फासे हातात धरून थांबले.