गव्हाची बिअर आणि आईचा चीक

वीरेशने बिअरचा थेंबही कधी जिभेला लावला नव्हता, आणि तरी पुण्यातल्या त्या थाई हॉटेलात कोणत्या तिखट पदार्थासोबत कोणती बिअर घ्यावी हे गिऱ्हाइकं त्यालाच विचारायची. दारू न शिवणाऱ्या लिंगायत घरातला, गळ्यात लिंग घातलेला, नेकनूरच्या किराणा दुकानदाराचा पोरगा. त्याच्या बहिणीला, वर्षाराणीला, ही गोष्ट इतकी भारी वाटायची की तिने ती निम्म्या वर्गाला सांगून टाकली होती. आप्पा मात्र दुकानात कुणी विचारलं तर "हॉटेलात सल्लागार हाय" एवढंच म्हणायचे आणि लगेच कुणाची तरी साखर तोलायला घ्यायचे.

न चाखता कळतं कसं, हे तिने त्याला व्हिडिओ कॉलवर विचारलंच.

"वासावरून." वीरेशने फोनसमोर उंच ग्लास धरला. आत पिवळसर, गढूळ काहीतरी. "ही गव्हाची. वास थोडा केळ्यासारखा, थोडा लवंगेसारखा येतो. पहिल्यांदा नाकाशी धरली तर डोळ्यासमोर काय आलं सांगू? आपली कुरडयांची गच्ची. भिजलेल्या गव्हाचा वास असाच येतो."

"चिकाच्या पाण्यावानी दिसायलंय," मागून आई म्हणाली.

"गहू कोणता वापरतेत? लोकवन का शरबती?" आप्पांनी विचारलं. बिअर हा शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही.

"ते विचारून सांगतो, आप्पा. पण काम लई सोपं हाय. तिथली हिरवी करी आपल्या ठेच्याएवढी जाळते. वरून कडू बिअर घेतली की तोंड आणखी पेटतं. ही मऊ हाय, आग बसवते. मी एवढंच सांगतो गिऱ्हाइकाला, जाळ झाला की घोट घ्या."

आईला त्यातलं करी-बिरी काही नको होतं. तिला पोरगा हवा होता. मागचे दोन्ही उन्हाळे तो कुरडयांना आला नव्हता. घट्ट शिजलेला चीक सोऱ्यातून दाबायला दंडात जोर लागतो, आणि त्या घरात सोऱ्या कायम वीरेशचा. तो पुण्याला गेल्यापासून आई शेजारच्या ताराबाईंच्या हातापाया पडायची, आणि ताराबाई दोन घाणे दाबून खांदा धरून बसायच्या.

यंदा त्याने स्वतःहून सांगितलं, "गहू भिजू घाल, आई. तू वाटायला घेशील त्या दिवशी मी दारात."

आईने त्याच संध्याकाळी गहू निवडला. रोज पाणी बदललं. वर्षाराणीने गच्ची धुतली, जुनी धोतरं वाळवली, आणि दादाला बाजेवर झोपायला आवडतं म्हणून बाज वर चढवली, एकटीने, जिन्यात दोनदा अडकून.

वाटायच्या दिवशी सकाळी फोन आला. हॉटेलातला एक जण काम सोडून गेला होता, रजा रद्द. "उद्या बघतो, आई."

ताराबाई पदर खोचून आल्या होत्या. त्यांनी पातेल्यात बोट बुडवून गव्हाचा दाणा चिरडला. "दानम्मा, तयार हाय. आज न्हाई काढला तर आंबून जाईल."

"उद्या काढू."

"कावून?"

"ईरू येतो म्हणलाय."

"गव्हाला काय सांगणार, थांब म्हणून?"

आईने पातेल्यावर झाकण ठेवलं. वर्षाराणीला आईचा राग आला, आणि थोड्या वेळाने तीच पातेलं उचलून न्हाणीघराच्या गारव्यात ठेवून आली. ओला पंचा गुंडाळला. एक दिवस तग धरावा, एवढंच तिला हवं होतं.

दुसऱ्या दिवशीही तो आला नाही. दुपारपर्यंत वास सबंध घरभर. वर्षाराणीने झाकण काढलं आणि दादाला फोन लावला.

"दादा, गहू आंबला. फेस आलाय वर."

तिकडे भांड्यांची आदळआपट. "केळ्यासारखा येतो का वास?"

तिने वाकून हुंगलं. "येतो. आंबट, पण मागून येतो."

"फोन जवळ धर."

"फोनमधून वास येतो का, येड्या?"

"न्हाई येत. तरी धर."

तिने धरला. मग आईने फोन तिच्या हातातून घेतला.

"ईरू, ठेवू का अजून?"

"नको, आई. करून टाक. मला न्हाई सुटता येत."

आई "बरं" म्हणाली आणि मिक्सर पुसायला घेतला.

चीक शिजला, पण आंबट झाला. ताराबाईंनी आज टोमणा मारला नाही. सोऱ्या वर्षाराणीने घेतला, दात-ओठ खाऊन दाबला. तार सुटायची आणि मध्येच तुटायची. धोतरावर कुरडया कमी, तुकडेच जास्त.

"राहू दे," आई म्हणाली. "खाऊनच टाकू."

उरलेला चीक तिने ताटांत घेतला, कडेला हिरव्या मिरचीचा ठेचा. पहिल्या घासाला आईने रागाने ठेचाच जास्त घेतला. डोळ्यांत पाणी आलं. तिने घाईने आंबट, मऊ चीक तोंडात टाकला आणि थांबली.

"बसली आग," ती म्हणाली. "असंच सांगतो का गं तो लोकांना?"

"असंच."

"आन् लोक ऐकतेत?"

"दुरून येतेत, आई. त्याला विचारायला."

आईने हळूहळू आणखी एक घास खाल्ला, जणू कुणी तिला ते हॉटेल दाखवत होतं. आप्पा दुकानातून जेवायला आले, बसले, ठेचा आणि चीक आळीपाळीने खात गेले. ताट पुसून झालं तेव्हा म्हणाले, "अजून हाय का?"

"एक वाटी हाय. ईरूसाठी ठेवलीय."

आप्पांनी बायकोकडे पाहिलं, मग बाज वर नेलेल्या जिन्याकडे. "आण," ते म्हणाले. "रात्रीपर्यंत राहणार न्हाई ते."

आईने वाटी आणली. निम्मा चीक आप्पांना वाढला, निम्मा वर्षाराणीला. वर्षाराणीला भूक नव्हती. तरी तिने तो सगळा खाल्ला.