राजाची मान

राजाचे केस कापायला बोलावणं आलं, तेव्हा म्हाताऱ्या न्हाव्यानं वस्तऱ्याला धार लावली. गच्चीवरून 'हे शहर मी माझ्या बळावर उभं केलं' म्हणणाऱ्या राजाला देवानं त्याच क्षणी वेड लावलं होतं. कित्येक वर्षं तो कुरणात बैलासारखा गवत खात होता. आज सकाळी त्यानं आभाळाकडे पाहून देवाला हाक मारली आणि तो भानावर आला.

जटा उतरल्या, पक्ष्याच्या नख्यांसारखी वाढलेली नखं निघाली. राहिली मान. राजाला 'मान खाली घाला' म्हणायची पूर्वी कुणाची छाती नव्हती. न्हावीच स्टुलावर चढून वेडावाकडा व्हायचा. मानेवरची रेघ तिरकी यायची आणि सगळा दरबार हौसेनं तशीच तिरकी ठेवायचा.

सवयीनं त्यानं स्टूल ओढलं.

"राहू दे," राजा म्हणाला. "राज्य देवाचं आहे हे कळायला मला गवत खावं लागलं. तू सांग, मान किती वाकवू?"

न्हाव्यानं स्टूल बाजूला सारलं. "अजून जरा खाली, महाराज."

रेघ सरळ आली. दाराशी उभा असलेला प्रधान हळूच स्वतःची मान चाचपू लागला.