उलटा फिरणारा पंप

आमच्या घरात दोन संसार आहेत. एक माझा, आणि दुसरा यांचा, गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली. त्या दुसऱ्या संसारात लक्ष घालायची मला परवानगी नाही, पण तो बिघडला की धुसफूस मात्र माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येते.

ती गाडी आमच्या यांनी आणि यांच्या दादांनी मिळून बांधली. दादा म्हणजे माझे थोरले दीर, मी त्यांना भाऊजी म्हणते. बांधली म्हणायचं कारण असं, की ती कुठल्याच कंपनीनं बनवलेली नाही. सांगाडा एका जुन्या मोटारीचा, इंजिन टेम्पोचं, रेडिएटर कशाचा ते विचारायचं नाही. कामाची वाटणी ठरलेली होती. आग धाकट्याची, पाणी थोरल्याचं. पेट्रोल, ठिणगी, धूर हे सगळं यांच्याकडे. रेडिएटर, नळ्या, पंप भाऊजींकडे. एकानं दुसऱ्याच्या कामात बोट घालायचं नाही.

चार वर्षांपूर्वी यांनी घातलं. भाऊजी परगावी गेलेले असताना थर्मोस्टॅट काढून टाकला. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी ती एवढीशी झडप, ती यांना फालतू वाटली. भाऊजी परत आले, नळीला हात लावून बघितला आणि म्हणाले, "माझ्या पाण्यात हात घातलास."

"तुझं पाणी म्हणजे काय? नळ आहे का तुझ्या नावावर?" हे म्हणाले.

झालं. तेव्हापासून सख्ख्या भावांचं बोलणं बंद, तेही एका झडपेवरून. लोकांना सांगितलं तर पटत नाही, त्यांना वाटतं इस्टेटीचं काहीतरी असणार. इस्टेट असती तर बरं झालं असतं, निदान वकील तरी मध्ये पडले असते.

आणि याचा भुर्दंड कोणाला, तर मला. भांडायला भाऊ उरला नाही म्हटल्यावर हे माझ्याशी भांडायला लागले, तेही स्पार्क प्लगवरून. मी भाजी चिरत असताना येऊन म्हणायचे, "तुला काय वाटतं, फट जास्त आहे?" मी म्हणायचे, असेल. "कशावरून?" म्हणून वाद सुरू. भाऊजींची उणीव मला जितकी भासली तितकी त्यांच्या सख्ख्या भावालाही भासली नसेल.

यंदा त्या इंजिनाचा पाण्याचा पंप गेला. हे बाजारातून हुबेहूब तसाच पंप घेऊन आले आणि बसवला. बोल्ट बसले, नळ्या बसल्या, शिट्टी वाजवत हे गाडी घेऊन निघाले. कोपऱ्यावर पोचेपर्यंत गाडी किटलीसारखी वाफ सोडायला लागली. शेजारचे निवृत्त मास्तर बादली घेऊन धावले. त्यांनी आधी यांच्यावरच पाणी ओतलं, कारण वाफेत कोण कुठे आहे ते दिसत नव्हतं.

मग यांनी दोन्ही पंप शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत बसले. जुन्या पंपाची आतली पाती उलटी होती. बॉनेटखाली जागा पुरेना म्हणून भाऊजींनी पंपाचा पट्टा दुसऱ्या बाजूनं फिरवला होता, त्यामुळे जगातले पंप एकीकडे फिरतात आणि आमचा दुसरीकडे.

"सरळ काही करायचंच नाही त्याला," हे म्हणाले. चार वर्षांत भावाचा पहिला उल्लेख तो हा.

गॅरेजवाले मिस्त्री येऊन बघून गेले. "हे इंजिन भंगारात द्या," ते म्हणाले. "माझ्याकडे नवीन तयार आहे. महिनाअखेरीला रिकामा आहे, तेव्हा बसवून देतो."

यांनी हो म्हटलं, पण त्या दिवशी धड जेवले नाहीत. त्या इंजिनाच्या एकेका नटात दोन भावांची तरुणपणातली एकेक सुट्टी गेलेली होती. ते भंगारात गेलं असतं तर दोघांच्यात बोलायला विषयच उरला नसता, आणि माझ्या पदरी जन्मभर स्पार्क प्लग आले असते.

मग शोध सुरू झाला. उलटा फिरणारा पंप फक्त एका जुन्या व्हॅनला असतो आणि ती व्हॅन निघणंच कधीचं बंद झालेलं. पहिला दुकानदार म्हणाला, होता, पण गेला. दुसऱ्याकडेही तेच. भंगारवाला म्हणाला, "एक गृहस्थ आले, पाती उलटी आहेत का ते बघितलं आणि घेऊन गेले." जिथे जावं तिथे तो गृहस्थ यांच्या आधी येऊन गेलेला.

आधी यांनी त्याला शिव्या घातल्या. मग सूर बदलला. "माणूस जाणकार आहे हं," एकदा आमटी ओरपताना म्हणाले. "नुसता पंप बघत नाही, पाती बघतो. असा माणूस भेटला पाहिजे. त्याच्याशी दोन शब्द बोलता येतील."

मी पुढची पोळी आणायला उठले, कारण मला सगळं ठाऊक होतं. भाऊ बोलत नसले तरी आम्हा जावांचा रोज फोन असतो. पंप जायच्या आदल्याच आठवड्यात जाऊबाई म्हणाल्या होत्या, "अगं, माझ्या कपाटाचा खालचा खण यांनी लोखंडानं भरलाय. सारखे आणतात आणि पुसून ठेवतात. विचारलं तर म्हणतात, धाकट्याचा पंप आता जाईलच. बाजारात नाही मिळाला, तर माझ्याकडे आल्याशिवाय जाईल कुठे?"

सुंभ जळलं तरी पीळ जात नाही, तो असा. मी यांना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर यांनी त्याच दिवशी इंजिन उपटून काढलं असतं, पण दादाची पायरी चढले नसते.

महिना संपत आला तसा मात्र माझा धीर सुटला. शेवटच्या दुकानात मी स्वतःच बरोबर गेले. दुकानदार म्हातारे होते. म्हणाले, "माझा पंपही त्यांनीच नेला. पण सांगून गेलेत, कोणी मागायला आला तर माझ्याकडे पाठवा. पाण्याच्या टाकीमागून डावीकडे वळा. निळं फाटक आहे. कुत्रा आहे, पण चावत नाही."

"चावतो," हे म्हणाले.

आम्ही टाकीकडे जाणारी बस धरली. मिस्त्रींच्या गॅरेजचा थांबा आला तेव्हा हे उठले. आता हे उतरून नवीन इंजिन ठरवणार, असं मला वाटलं. हे दांडीला धरून उभे राहिले, बस सुटेपर्यंत तसेच. मग परत बसले.

जाऊबाईंनी दार उघडलं. भाऊजी जेवणाच्या टेबलाशी बसून पंप पुसत होते.

"पंप आहेत म्हणे तुमच्याकडे," हे म्हणाले. सख्ख्या भावाला तुमच्याकडे.

"आहेत."

"एक हवा होता."

"इंजिन तापतं?"

"हो."

"तापणारच," भाऊजी म्हणाले आणि हातातला पंप टेबलावर ठेवला. यांनी हात पुढे केला, तसा त्यांनी तो मागे ओढला.

"पंप मिळणार नाही. बसवून मिळेल."

यांचा हात टेबलावर तसाच राहिला. काहीतरी लागट बोलणार असं वाटलं, तोंडही उघडलं होतं. पण म्हणाले ते एवढंच. "मग चल ना, दादा."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी, हे मध्ये आणि भाऊजी कडेला, मांडीवर पंप घेऊन. दुसऱ्या थांब्याला भाऊजींनी विचारलं, प्लगची फट किती ठेवलीस, आणि पुढचा सगळा रस्ता दोघं त्यावरून कडाकडा भांडत होते. कंडक्टरनं दोनदा हटकलं. मला कोणी काही विचारलं नाही. मी खिडकीबाहेर तोंड करून बसले होते, कारण मला रडू येत होतं, आणि इतकं बरं वाटत होतं की ते कोणाला दाखवायचं नव्हतं.